पॉवरलूमच्या शेडमध्ये विमानाची शेपूट: रिव्हेट वाकतात, पत्रा टुकटुक वाजतो

तीन_माग

मंडळी, नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत बंद मागांची शेड मोकळी आहे. ४० बाय २५ फूट, वर पत्रा, मध्ये दोन पारदर्शक शीट, थ्री-फेज लाईट चालू, शटर ८ फुटी. तिथं व्हॅन्स या अमेरिकी कंपनीचं आरव्ही-९ए विमान जोडायचा विचार पक्का आहे. दोन सीट, सगळं अ‍ॅल्युमिनियम. किट टप्प्याटप्प्यानं मिळतं, त्यामुळं आधी फक्त शेपटीचं घ्यायचं. ऑर्डर अजून दिलेली नाही. सध्या सरावाच्या पट्ट्यांवर हात बसवतोय. अडलंय ते असं:

१) ३/३२ इंची रिव्हेटची शेपटी (ठोकून चपटं होणारं टोक) दर पाच-सहातली एक आडवी लोळते.
२) ०.०१६ इंची पत्रा रिबवर (आतल्या बरगडीवर) ठोकल्यावर मध्ये फुगतो, दाबला की डब्याच्या झाकणासारखा टुकटुक वाजतो.
३) टेबलावर जुनी सोलापुरी चादर दुमडून अंथरली आहे, तरी पत्र्यावर चरे येतात.
४) इंजिन आत्ताच बुक करावं का? डॉलर काही खाली यायचं नाव घेत नाही.
५) डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) कधी जायचं, शेपूट झाल्यावर चालेल का?

कंप्रेसर २ एचपीचा, रिव्हेट गन थ्री-एक्स मापाची. हँड स्क्वीझर (रिव्हेट दोन्हीकडून दाबायची पक्कड) आहे.

पत्रेवाला_अण्णा

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते रिव्हेटमध्ये नाही, भोकात आहे. नवीन माणूस गनचा आवाज, बार (मागून टेकवायचा धातूचा ठोकळा), हवेचा दाब याच्याच मागं लागतो. भोक सरळ, गोल, मापाचं आणि बर (काठावर उठलेला खरखरीत कंगोरा) काढलेलं असेल तर रिव्हेट चुकवायला मेहनत घ्यावी लागते.

३/३२ च्या रिव्हेटला ४० नंबरचा ड्रिल, म्हणजे ०.०९८ इंच, जवळजवळ अडीच मिमी. १/८ ला ३० नंबर, ०.१२८५ इंच, साधारण ३.२६ मिमी. किटमधली भोकं आधीच पाडलेली असतात, पण ती किंचित लहान असतात. भाग एकमेकांवर क्लेकोनं (भोकात अडकणाऱ्या तात्पुरत्या पिनांनी) धरायचे आणि मग शेवटच्या मापाचा ड्रिल किंवा रीमर (भोक गोल करून मापाला आणणारं हत्यार) घालायचा. रीमर घ्या. ड्रिल पातळ पत्र्यात तिकोनी भोक पाडतो, डोळ्याला दिसत नाही, पण रिव्हेट आत घातली की डुलते. डुलणारी रिव्हेट पहिल्या दोन ठोक्यांत भोकात फुगायच्या ऐवजी कलते. तुमची लोळलेली शेपटी तीच.

आपल्या बाजारातला अडीच मिमीचा ड्रिल "जवळपास तोच" म्हणून वापरू नका. तो ०.०००४ इंचांनी वेगळा निघतो ही तक्रार नाही, तो बोथट आणि वाकडा असतो ही तक्रार आहे.

बर काढताना बोटात धरायचं टूल दोन, फार तर तीन हलके फेरे. हात जड पडला तर ०.०१६ च्या पत्र्यात काठ सुरीच्या धारेसारखा होतो. मग डिंपल करताना (रिव्हेटचं डोकं बसायला पत्रा डायनं दाबून खळगा पाडताना) तो काठ पसरतो, भोक मोठं होतं, पुन्हा रिव्हेट डुलते. बर ठेवला तर दोन पत्र्यांमध्ये फट राहते आणि रिव्हेट त्या फटीत फुगते. दोन्हीकडून मार.

०.०१६ ला काउंटरसिंक (पत्रा कोरून खळगा) करायचा प्रश्नच नाही, डिंपलच. ३/३२ च्या चपट्या डोक्यासाठी काउंटरसिंक करायचं तर पत्रा निदान ०.०३२ इंच हवा. डिंपलचे डाय एकमेकांवर पूर्ण बसले पाहिजेत. अर्धवट डिंपल ओळखायची खूण: बल्बच्या प्रतिबिंबात भोकाभोवती पत्रा हलकासा खचलेला दिसतो. नीट डिंपलच्या भोवती प्रतिबिंब सरळ राहतं.

लांबी. ०.०१६ चा पत्रा आणि ०.०३२ ची रिब, एकूण ०.०४८. त्यात व्यासाच्या दीडपट, म्हणजे ०.१४१. झाले ०.१८९. रिव्हेटच्या नावातला शेवटचा आकडा लांबीचा, सोळाव्या भागात. एएन४२६एडी३-३ म्हणजे ३/१६ इंच, ०.१८७५. ही बसते. -४ घातली तर शेपटी लांब पडते आणि लोळते. ड्रॉइंगमध्ये लिहिलंय तीच घ्यायची, पण पहिली रिव्हेट घालण्याआधी मोजून बघायची. लोळलेल्या रिव्हेटचा दुसरा मोठा गुन्हेगार हाच, चुकीच्या कप्प्यातली लांबी. डबीत मिसळलेल्या -३ आणि -३.५ डोळ्यांनी निवडता येत नाहीत.

ठोकल्यावर ३/३२ ची शेपटी निदान ९/६४ इंच रुंद (३.६ मिमी) आणि ३/६४ उंच (१.२ मिमी) हवी. १/८ ची ३/१६ रुंद (४.८ मिमी), १/१६ उंच (१.६ मिमी). यासाठी पत्र्याची भोकं पाडलेली छोटी गेज मिळते, ती घ्या. अंदाजानं ठोकणारा सगळ्यांत आधी उंची चुकवतो.

गनला ट्रिगर दाबलेला असताना ३५-४० पीएसआय. ट्रिगर सोडून वाचलेला आकडा खोटा. आधी बार टेकवायचा, त्यावर जोर द्यायचा, मग ट्रिगर. एक-दीड सेकंदात काम झालं पाहिजे. दाब कमी ठेवून चार सेकंद टकटक केलं तर धातू कडक होत जातो आणि शेवटी चपटा न होता फुटतो. स्क्वीझर पोचतो तिथं गन उचलूच नका. विमानाच्या शेपटीतल्या बऱ्याच रिव्हेट स्क्वीझरनं होतात.

कडकभाकरी

अण्णांचं सगळं बरोबर. एक जोडतो: लोळलेली प्रत्येक रिव्हेट काढायची नसते. किंचित कललेली पण मापात असलेली रिव्हेट, ती काढताना तुम्ही मोठं केलेल्या भोकापेक्षा बरी.

काढायचीच असेल तर डोक्याच्या मध्यावर पंच, ४० नंबरनं फक्त डोक्याच्या जाडीइतकं ड्रिल, मग त्याच मापाची पिन घालून डोकं आडवं मोडायचं. दांडा पिननं बाहेर ठोकताना मागून लाकडाचा ठोकळा लावा, नाहीतर रिबची फ्लँज (दुमडलेला काठ) वाकते. ड्रिल दांड्यातून आरपार नेणारे भोक अंडाकृती करून बसतात. तसं झालंच तर भोक ३० नंबरला मोठं करून एनएएस१०९७एडी४ घालतात. हिचा दांडा १/८ चा, पण डोकं लहान, त्यामुळं ३/३२ च्या डिंपलमध्ये मावतं. पन्नास-शंभर आणून ठेवाच, लागतात.

मात्र भोक मोठं करण्याआधी काठापासूनचं अंतर बघा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत व्यासाच्या दुप्पट हवं: ३/३२ ला ३/१६ इंच, १/८ ला पाव इंच. रिबच्या अरुंद फ्लँजवर पहिलं जमतं, दुसरं जमत नाही.

रिव्हेट खरी आहे का, हेही एकदा बघा. एडी जातीच्या डोक्यावर मध्ये बारीक खळगा असतो. खळगा नसेल तर ती मऊ अ‍ॅल्युमिनियमची, ढाच्यात चालत नाही.

चिमणी_पडली

पत्रा वाजण्याचं कारण निम्मं तुमच्या छपरात आहे. ते पारदर्शक शीट.

अ‍ॅल्युमिनियमचा एक मीटर पत्रा २० अंशांनी तापला तर साधारण अर्धा मिमी वाढतो. एप्रिलमध्ये दुपारी बारा-एकला त्या शीटखाली पत्रा ठेवलाय आणि रिब कपाटातून आत्ता काढल्यात, तर दोघांत २० अंशांचा फरक सहज पडतो. वाढलेला पत्रा थंड रिबवर ठोकला, तर तापमान बरोबरीला आल्यावर तो आखडतो, ताणला जातो, भोकं रिव्हेटवर जोर देतात. उलट केलं, म्हणजे थंड पत्रा आणि तापलेली रिब, तर नंतर पत्रा ढिला पडतो आणि टुकटुक सुरू. सगळे सुटे भाग आदल्या रात्री एकाच टेबलावर ठेवा आणि सकाळी साडेसहा ते साडेनऊ ठोका. पारदर्शक शीटवर आतून जाड कापड लावून टाका, ट्यूबलाईटमध्ये डिंपल जास्त चांगला दिसतो.

उरलेलं निम्मं क्रमात. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला गेलात की पत्रा पुढं ढकलला जातो आणि शेवटी फुगा उरतो. सगळी भोकं क्लेकोनं धरा (३/३२ चे चंदेरी ३००-४००, १/८ चे तांब्याच्या रंगाचे १५० लागतील), मग मधून बाहेर, एक आड एक.

रडरची (शेपटीचा उभा, हलणारा भाग) मागची धार सगळ्यांत नाजूक. तिथं दोन पत्र्यांच्या मध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी असते, दोन्ही बाजूंनी चपट्या रिव्हेट. एका टोकापासून ठोकत गेलात की धार धनुष्यासारखी वाकते. सरळ अ‍ॅल्युमिनियम अँगलला भोकं पाडून धार त्यावर क्लेकोनं बांधा, मध्ये टँकचं सीलंट किंवा पातळ दुहेरी टेप, सीलंट दोन दिवस वाळू द्या. नंतर आधी दर दहावी रिव्हेट, अर्धी बसेल इतकीच. मग मधल्या. शेवटी सगळ्या पूर्ण. सरळ पट्टी लावून बघायचं, धारेत २.५ मिमीपेक्षा जास्त बाक नको. बाक राहिला तर उडताना पायाला एका बाजूचा जोर कायम द्यावा लागतो.

आणि आतल्या स्टिफनरची (पत्रा ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांची) टोकं जिथं मागच्या धारेपाशी भेटतात तिथं सिलिकॉनसारख्या रबरी सीलंटचा एक थेंब. प्रोपेलरच्या हवेनं पातळ पत्रा तिथंच थरथरतो आणि तडे तिथूनच सुरू होतात. पत्रा बंद झाल्यावर हा थेंब टाकता येत नाही.

चादरीबद्दल: काढा ती. चादर आपली लाडकी असली तरी अ‍ॅल्युमिनियमचा चुरा तिच्या विणीत रुतून बसतो, झटकली तरी निघत नाही आणि पुढचा पत्रा सरकवला की तोच चुरा चरे पाडतो. गुळगुळीत रबर शीट घाला, दर तासाला ब्रशनं झाडा. २०२४-टी३ या मिश्रधातूच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, गंजापासून तोच वाचवतो. चरा त्याच्या आरपार गेला तर तिथं प्रायमर लागणारच. खुणा करायला शिसपेन्सिल नको, तिच्यातल्या ग्रॅफाइटमुळं अ‍ॅल्युमिनियम गंजतं. मार्कर पेन वापरा. स्टील वूलही नको.

होटगी_रोड_३३

माग बंद असले तरी तंतू गेलेले नसतात. तुळयांवर, वायरच्या पाईपवर बोटभर कापूस बसलेला असतो आणि पहिल्यांदा एअर गन चालली की तो खाली यायला लागतो. ओल्या प्रायमरवर बसलेला एक तंतू वाळला की सुईसारखा उभा राहतो. भिंती-तुळया आधी व्हॅक्यूमनं साफ करा, पाण्यानं नको. रंगाला कोपऱ्यात प्लास्टिकचा तंबू करा.

इपॉक्सी प्रायमर आणि टँकचं सीलंट, दोन्ही उन्हाळ्यात हातात वाळतात. सीलंटच्या डब्यावरचे दोन तास २५ अंशांचे असतात. दर साडेपाच अंशांना वेळ निम्मा धरा, म्हणजे ३६ अंशांत अर्धा तास. टँकचं काम पुढं पंखांच्या किटमध्ये येईल, ते डिसेंबर-जानेवारीसाठीच राखून ठेवा.

टँकची गळती बघायला फुगा किंवा पाण्याची नळी लावतात. बंद टँकमधली हवा १० अंशांनी तापली तर दाब पाण्याच्या साधारण ३४ सेंटिमीटरनं वाढतो. दुपारी गळणारी टँकसुद्धा पास होते आणि रात्री चांगली टँक नापास. पहाटे लावा, दोन तासांत वाचून मोकळे व्हा.

शेजारच्या शेडमध्ये माग चालू असतील तर एक फायदा: गनच्या आवाजाची तक्रार कोणी करणार नाही. खडखडाटापुढं रिव्हेट गन म्हणजे अंगाईच.

कडकभाकरी

आणि बोल्ट. एएन३ च्या नटाला २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. वर लॉकनटचा स्वतःचा अडसर मोजून त्यात मिळवायचा. गॅरेजमधला टॉर्क पाना इतक्या खालचं वाचतच नाही, आणि मोटारसायकलवर बसलेला हात याच्या दुप्पट आवळतो. लहान पाना वेगळा घ्या. आवळल्यावर नटाबाहेर एक ते तीन आटे दिसले पाहिजेत.

इथेनॉल_जिल्हा

इंजिन आत्ता घेऊ नका. डॉलर वाढेल, वाढू दे. खोक्यात पडून राहिलेलं इंजिन आतून गंजतं आणि वॉरंटी तुमची शेपूट होईपर्यंत संपलेली असते.

त्याहून मोठा प्रश्न इंधनाचा. या विमानाला साधारणपणे लायकमिंगचं ओ-३२० बसवतात, १५० किंवा १६० अश्वशक्ती. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लायकमिंगला मान्य नाही. आणि आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल. रोटॅक्स ९१२ हे दुसरं इंजिनसुद्धा १० टक्क्यांपर्यंतच मान्य करतं. उसाचा जिल्हा आपला, इथेनॉल इथलंच, आणि आपलंच विमान त्यावर चालत नाही! इथेनॉल नळ्यांचे आणि सीलचे रबर फुगवतं, पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की वेगळं होऊन टँकच्या तळाशी बसतं. नेमकं तिथूनच इंजिनाला इंधन जातं.

"पाणी घालून इथेनॉल धुवून काढू" हा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. इथेनॉल निघालं की ऑक्टेनही खाली येतं, कारण तेवढं धरूनच ते पेट्रोल बनवलेलं असतं. तपासणीसाठी मात्र पाण्याची युक्ती चांगली: मापाच्या उभ्या नळीत १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल, हलवून ठेवा. खालचा पाण्याचा थर १० च्या वर गेला की इथेनॉल आहे. पंपाच्या पेट्रोलला तो किती वर जातो ते एकदा करून बघाच.

म्हणजे लायकमिंग घेतलं तर अ‍ॅव्हगॅस १००एलएल, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशात बनवतं, पण ते सोलापुरात कसं येईल, कुठं साठवायचं आणि त्याचा परवाना कोण काढणार, हे इंजिनाआधी ठरलं पाहिजे.

दुसरं, उन्हाचा हिशोब. होटगी रोडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फुटांवर. त्या उंचीचं प्रमाणित तापमान १२ अंश. मे महिन्यात ४२ म्हणजे ३० जास्त, दर अंशाला १२० फूट, ३,६०० फूट. विमानाला आपण ५,२०० फुटांवर उभे आहोत असं वाटतं. १६० ची अश्वशक्ती तिथं १३५ च्या आसपास उरते. धावपट्टी लांब आहे, अडचण उडण्याची नाही, चढण्याची आणि तेल गार राहण्याची आहे. लहान इंजिनावर पैसे वाचवण्याचा विचार असेल तर हा आकडा समोर ठेवा.

शिक्का_आणि_सही

पाचव्याचं उत्तर: शेपूट झाल्यावर नाही, ऑर्डरच्या आधी.

कारण सरळ आहे. रडरचा पत्रा बंद झाला की आतलं काम बघता येत नाही. काय, कधी, कोणत्या मालानं केलं हे कोणी बघितलं नसेल आणि कागदावर नसेल, तर परवाना देणारा माणूस तो भाग मान्य का करेल? डीजीसीएच्या मुंबईतल्या पश्चिम विभागाच्या कार्यालयाला लेखी कळवा: कोणतं किट, कुठं बांधणार, कोणत्या टप्प्यांवर तपासणी. किट आयात होतंय, तेव्हा परवानगीचा प्रश्नही तिथंच येतो. तोंडी "चालेल" वर एक डॉलर पाठवू नका. आणखी एक: १९३४ चा विमान कायदा गेला, १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू आहे. जुन्या पोस्टमधली कलमं अर्जात उतरवू नका.

अमोल यादवांचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी बघितलं. नोंदणी २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी. उडण्याचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये. बांधणीनंतरची ती वर्षं कागदाची आहेत.

वही पहिल्या दिवसापासून. तारीख, तास, भाग क्रमांक, रिव्हेटची जात, प्रायमरचा बॅच. प्रत्येक भाग बंद करण्याआधी आतले फोटो, फोटोत पट्टी आणि तारखेची चिठ्ठी.

अर्धवट सोडलेलं किट स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर एक तपासणी जास्त. २०२२-२३ मध्ये व्हॅन्सनं काही भागांची भोकं लेझरनं कापून घेतली होती. लेझर जिथं सुरू होऊन थांबतो तिथं भोकाच्या काठाला खाच राहायची आणि डिंपल करताना तिथून तडा जायचा. नंतर कंपनीनं बदली भाग दिले, डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणात जाऊन पुढं त्यातून बाहेरही आली. अशा किटमध्ये भोकांचा काठ १० पट भिंगातून बघा आणि भाग बदललेत का याचा कागद मागा.

तीन_माग

भरपूर मिळालं. चादर काढली. पंपाचं पेट्रोल नळीत बघितलं: १० मिलीचा थर २७ पर्यंत गेला. इंजिनाचा विषय बंद.

गेज लावून सरावाची पट्टी पुन्हा मोजली. ४० पैकी ७ रिव्हेट लोळलेल्या, त्यातल्या ५ च्या मूळ लांबीचा हिशोब केला तर -४ निघाल्या, डबीत मिसळल्या होत्या. उरलेल्या दोनची भोकं ड्रिलनं पाडलेली. एक विचारायचंय: रीमर हातानं फिरवायचा की ड्रिल मशीनला लावून?

पत्रेवाला_अण्णा

मशीनला, वेग कमी, आणि फिरतानाच आत, फिरतानाच बाहेर. थांबवून ओढला की काठावर ओरखडा पडतो. पत्र्याला काटकोनात धरताय का ते बघायला रीमरच्या पायाशी छोटा आरसा ठेवा. आरशातला रीमर आणि हातातला रीमर एका रेषेत दिसला की सरळ. आणि त्या डब्या आजच वेगळ्या करा. प्रत्येक लांबीला वेगळं झाकण, झाकणावर मार्करनं आकडा.